दस्त्याची उजवी बाजू

नंबर जुळला नाही.

धम्मप्रियानं बोल्टच्या दांड्यामागचा आकडा भिंगाखाली पुन्हा वाचला, मग रायफलीच्या अंगावरचा वाचला; अस्सल रायफलीत दोन्ही एकच असतात. दोघे एकमेकांना ओळखही दाखवायला तयार नव्हते. समोर बसलेल्या मीनाबाईंना तिनं लगेच काही सांगितलं नाही. पण त्यांचे डोळे रायफलीवर नव्हतेच, ते धम्मप्रियाच्या तोंडाकडे लागले होते.

शुक्रवार पेठेत जुन्या वस्तूंचं संग्रहालय उभं राहत होतं. आलेली वस्तू अस्सल की जोडकाम, हे ठरवणं धम्मप्रियाचं काम. चादरीत गुंडाळून आणलेली ही रायफल मीनाबाईंच्या नवऱ्याची, त्रिंबकरावांची. निदान ते तरी तसं म्हणत. पलटणीतून निवृत्त होताना आपल्याच हातातली रायफल, नळी बुजवून, निकामी करून आपल्याला मिळाली, असं ते मरेपर्यंत सांगत राहिले. मुलगा दिपक मात्र हसायचा. फौजेत कोण कुणाला बंदूक घरी नेऊ देतंय, अण्णांनी भंगारातून उचलली असणार, असं त्याचं म्हणणं. हळूहळू वस्तीलाही ते पटायला लागलं होतं. मीनाबाईंना संग्रहालयाचं काही अप्रूप नव्हतं. आपला माणूस जन्मभर आपल्याशी खोटं बोलला का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

रायफल नळीपासून दस्त्यापर्यंत निळी होती. दरवर्षी भीमजयंतीच्या मिरवणुकीत ती देखाव्यावर चढायची आणि त्याआधी उरलासुरला ऑइलपेंट तिच्या अंगावर फिरायचा. धम्मप्रियानं कोपऱ्यात थोडं खरवडून पाहिलं. निळा, त्याखाली चंदेरी, मग पुन्हा निळा, आणि पार तळाशी फौजेचा काळसर राखाडी मुलामा. तिला मजा वाटली. वस्तू अशी पापुद्र्या-पापुद्र्यानं सोलून बघायचा तिला भारी नाद होता.

पण पुढं पुढं मजा ओसरत गेली. मॅगझिन वेगळ्याच कारखान्याचं निघालं. नळीखालचं लाकूड बाकीच्या लाकडापेक्षा फिकं, मागाहून बसवलेलं. राहता राहिला दस्ता, खांद्याला टेकवायचा मागचा लाकडी भाग. फौजेत लाकडाला व्हार्निश लावत नाहीत, जवसाचं तेल चोळतात, आणि नेम धरताना शिपायाचा गाल जिथं टेकतो तिथं ते लाकूड वर्षानुवर्षं घामानं काळं पडत जातं. धम्मप्रियानं थिनरचा बोळा घेऊन दस्त्याची डावी बाजू पुसून काढली. लाकडाच्या रेषा जशाच्या तशा होत्या. तिथं कुणाचा गाल कधी टेकलाच नव्हता.

आता सांगणं भाग होतं. ही एकच रायफल नाही, तीन-चार रायफलींचे भाग जोडून झाली आहे, असं तिनं शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं.

"म्हंजे दिपक म्हणतो तेच खरं," मीनाबाई म्हणाल्या. त्यांनी पायाशी पडलेली चादर उचलली आणि मांडीवर घेऊन तिची घडी मोडली. धम्मप्रियाला फार वाईट वाटलं. उगीच एवढी चिकित्सा केली, असंही वाटून गेलं.

चादरीत ठेवण्यासाठी तिनं रायफल उलटी केली, तेव्हा दस्त्याच्या उजव्या बाजूवर तिचा अंगठा अडखळला. बाकी सगळीकडे रंग पातळ होता. इथं मात्र थापल्यासारखा जाड. इथंच एवढा रंग का, असं तिनं सहज विचारलं.

"ते मीच मारलेत हात," मीनाबाई म्हणाल्या. "तेवढीच जागा झिजून काळी पडली हुती. मिरवणुकीत समदी बघत्यात, जुनाट दिसाय नको म्हणून दरसाल हितं जरा जास्तच लावायची."

धम्मप्रियानं बोळा पुन्हा भिजवला. या वेळी ती घाईघाईनं पुसत गेली. निळा गेला, चंदेरी गेला, आणि खालून एक काळपट, गुळगुळीत, किंचित खोल गेलेला ठसा वर आला. त्याच्यावर गाल नेमका बसला असता. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा गाल टेकतो दस्त्याच्या डाव्या बाजूला. इथं टेकायचा तर माणूस डावखुराच हवा.

"आजी, आजोबा दाढी कुठल्या हातानं करायचे?"

"डाव्या. जेवताना घास तेवढा उजव्यानं, बाकी समदं डाव्यानंच. का गं?"

धम्मप्रियानं खुर्ची जवळ ओढली आणि सगळं समजावून सांगितलं. फौजेच्या दुरुस्तीत बोल्ट बदलतो, मॅगझिन बदलतं, पुढचं लाकूडही बदलतं. दस्ता बदलला नसावा. पलटणीत दुसरा कुणी डावखुरा नसेलच असं छातीठोक सांगता येत नाही, हेही तिनं लपवलं नाही.

"आन् मीच त्याच्यावर रंग मारत बसले," मीनाबाई म्हणाल्या.

बाकीचा रंगही काढून मूळचा मुलामा वर आणू का, असं धम्मप्रियानं विचारलं. मीनाबाईंनी मान हलवली. जयंतीचा निळा आहे तो, राहू दे म्हणाल्या. ही एवढीच जागा उघडी ठेव.

मग त्या उठल्या, चादर खुर्चीवर ठेवून टेबलाला वळसा घालून आल्या. थिनरचा वास अजून उडाला नव्हता. त्यांनी पदरानं ती जागा पुसली, खाली वाकल्या आणि आपला डावा गाल अलगद त्या खळग्यात ठेवला. उजवा डोळा मिटून त्या बराच वेळ नळीवरून समोर बघत राहिल्या.

"हितंच हुते की," त्या म्हणाल्या.