हुद्दारसरांचा शब्द

"सर, नागोजी आत हाय?"

उंबऱ्यापाशी फौजदार मारुतीराव उभा होता. मागं शिपायांनी भरलेली लॉरी.

प्रोफेसर चिंतामणराव हुद्दार दार अडवून उभे राहिले. बेळगावच्या कॉलेजात नीतिशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. सत्याला अपवाद नाही, हाच त्यांचा सिद्धांत. त्यावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला, तो कुणी वाचला नाही. वर्ग ओस पडत गेला. शेवटी मन लावून ऐकणारा एकच उरला, काकती गावचा नागोजी. त्यानं एकदा विचारलं होतं, "सर, खुनी दारात येऊन आत लपलेल्याचा पत्ता विचारू लागला, तर?"

"तरीही खरंच सांगायचं," सर म्हणाले होते.

आता बेचाळीसच्या चळवळीत तारा तोडताना त्याच नागोजीच्या पायाला गोळी लागली होती. दुपारपासून तो सरांच्या माजघरात पडून होता. दिसेल तिथं गोळी घालायचा हुकूम सुटला होता. दार वाजलं तसं सर त्याला बायकोच्या, वासंतीबाईंच्या हवाली करून बाहेर आले होते.

"बोला सर. तुमी लबाड बोलत न्हाई, सारं गाव जाणतंय."

ओठावर आलेला शब्द सरांनी गिळला.

"इथं नाही तो. फिरकलासुद्धा नाही."

शिपाई झडतीला पुढं सरसावले. मारुतीरावानं हात आडवा घातला.

"ऱ्हाऊ द्या रं. सरांचा शब्द हाय. म्हंजे गडी गावाकडं निघालाय. लॉरी काकतीच्या रस्त्याला घाला!"

लॉरी गेली. सर तिथंच ओट्यावर बसले. जन्मभर जे शिकवलं, ते एका वाक्यात मातीला मिळालं होतं. उद्या कोणत्या तोंडानं वर्गात उभं राहायचं? नुसता ग्रंथ नव्हे, आपणच खोटे ठरलो, असं त्यांना वाटलं. पण पोर वाचलं होतं. तेवढ्याच आधारावर ते उठले.

माजघरात वासंतीबाई एकट्याच होत्या. घाईघाईनं फरशीवरचं रक्त पुसत होत्या.

"अगं, मी खोटं बोललो," सर म्हणाले. "झडती न घेताच गेले ते. नागोजी कुठाय?"

वासंतीबाईंच्या हातातलं फडकं थांबलं.

"झडती घेतलीच नाही?" त्यांनी परसदाराकडं बघितलं. "तुम्ही खरंच सांगणार, मग घर धुंडाळण्यात त्यांचा वेळ जाईल, म्हणून मी त्याला परसदारानं काढून दिलं. लंगडत गेलाय हो... काकतीच्या रस्त्यानं."