सुटी बाही

सावेता आणि तोआदेर या म्हाताऱ्या बहीणभावाने आमच्या संग्रहालयाला द्यायला आणलेला जुना सदरा मी टेबलावर पसरला. एक बाही जोडलेली, दुसरी सुटी. दोऱ्याला कुठेच गाठ नाही. आमच्या गावाकडे बिनगाठीचा शिवतात तो फक्त मर्तिकाचा सदरा. गाठीत जीव अडकतो म्हणून.

"कुणाचा?" मी हळूच विचारलं.

"बाबांचा," तोआदेर म्हणाला. "तापाने फणफणले होते. पाद्रीसुद्धा येऊन शेवटची प्रार्थना म्हणून गेला होता."

"अरेरे! आईंना पुरा करायला वेळच मिळाला नाही म्हणायचा."

"वेळ कसला!" सावेता खुदकन हसली. "आई सांगायची, ती दुसरी बाही जोडायला बसली, तर खाटेवरून बाबा म्हणतात, 'शिवत काय बसलीस? गरम मामालिगा वाढ, भूक लागलीय!' तिने सुई ठेवली ती कायमची."

मलाही हसू आलं. "मग मांडताना ही बाही नुसती टाचून घेऊ? सदरा पुरा दिसेल."

तोआदेरने झटकन बाही उचलून छातीशी धरली.

"नको गं पोरी. ही राहिली म्हणून तर आम्ही दोघं झालो."