झोपेचं सेटिंग

घरी तान्ही लेक होती, म्हणून ऑफिसच्या आयटीवाल्याने घरून काम करायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, "घरून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लॉगिन चालवून दाखव. मग तूच काय, सगळेच घरी बसा."

लॉगिन सुरू व्हायचं आणि थोड्या वेळाने तुटायचं. त्याने पासवर्ड बदलला, फायरवॉल तपासली, सर्व्हर नव्याने बसवला. शेवटी दोष सापडला. समोर बसून कोणी हात लावला नाही, की कॉम्प्युटर आपोआप झोपी जात होता.

"साहेब, एवढं झोपेचं सेटिंग बंद केलं की झालं."

"अजिबात नाही. वीजबचतीचं परिपत्रक माझ्याच सहीने निघालंय. दुसरा काही उपाय?"

"मग कोणीतरी इथे बसून माउस हलवत राहायचं," तो वैतागून म्हणाला.

साहेबांना हा उपाय फार आवडला. सोमवारपासून सगळं ऑफिस घरून काम करू लागलं.



रिकाम्या ऑफिसात एसी आणि सगळे दिवे लावून आयटीवाला एकटाच माउस हलवत होता, तेवढ्यात बायकोचा फोन आला, "अहो, इथे मी लेकीला झोपवून झोपवून थकले, आणि तुम्ही तिथे कॉम्प्युटरला जागं ठेवत बसलाय!"