रिकामी चौकट

"तुमचं यंत्र खोटं बोलतं," सिस्टर दारातूनच म्हणाल्या.

संगणकाच्या खोलीतल्या बाईंनी मान वर केली. वॉर्डातली माणसं तळमजल्यावर सहसा उतरत नसत. खडे बोल सुनावायचे तर फोन होताच.

सिस्टर बसल्या नाहीत. सकाळी एका आजोबांना इंजेक्शन द्यायचं होतं. त्यांना कुठली औषधं सोसत नाहीत, ते पडद्यावर पाहिलं, तर चौकट रिकामी. सिस्टरनी सिरिंज भरली. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "पोरी, हे मागच्या वेळचं तर नव्हे ना? त्यानं माझा गळा सुजला होता." जुनी फाइल मागवली. औषधाचं नाव ठळक लिहिलेलं, खाली दोन रेघा.

"शुद्धीवर होते म्हणून निभावलं," सिस्टर म्हणाल्या. "रिकामं म्हणजे काही नाही, असंच आम्ही धरून चालतो. तुम्ही काय धरता?"

बाई संगणकाकडे वळल्या. त्यांनी सेटिंगची फाइल उघडली. वॉर्डानं विचारायचं, मधल्या सेवेनं, म्हणजे संगणकातल्या एका प्रोग्रॅमनं, जुन्या नोंदींच्या सर्व्हरकडून उत्तर आणून द्यायचं, एवढंच तिचं काम. सर्व्हर दहा सेकंदांत बोललाच नाही, तर सेवेनं कसं वागायचं तेही तिथेच लिहिलेलं होतं. एरर कळवा: नाही. रिकामी यादी पाठवा: होय. शेजारी बदलाची तारीख आणि बदल करणाऱ्याचं नाव.

नाव त्यांचंच होतं.

बाईंनी तारीख पुन्हा पाहिली. महिन्यापूर्वी इस्पितळाचे साहेब म्हणाले होते, "ती एररची लाल अक्षरं काढा हो, पाहुण्यांसमोर शोभत नाही." पाहुणे आले, चहा पिऊन गेले. सेटिंग तशीच राहिली.

"हे मीच केलंय," त्या म्हणाल्या.

सिस्टर पडद्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

बाईंनी 'नाही'चं 'होय' केलं, रिकाम्या यादीची ओळ पुसली आणि सेवा पुन्हा सुरू केली. खात्री करायला सर्व्हरची केबल क्षणभर काढली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'माहिती मिळालेली नाही. रुग्णाला विचारा, फाइल बघा.' सिस्टरनी ती दोनदा वाचली. बाईंनी केबल परत लावली.

पाच-दहा मिनिटांत फोन खणखणू लागले. तिसऱ्या मजल्यावर लाल. मुलांच्या वॉर्डात लाल. केबल लावलेली होती, तरी सर्व्हर वेळेत उत्तर देत नव्हता. पाठोपाठ साहेब धापा टाकत जिना उतरून आले.

"काय मोडून ठेवलंत? सकाळपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं!"

"चालत नव्हतं, साहेब. दिसत नव्हतं," बाई म्हणाल्या.

साहेबांनी सिस्टरकडे पाहिलं. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "महिनाभरात असं किती वेळा झालं असेल?"

वॉर्डाला कळवायचं नाही असं ठरलं, तरी सेवा स्वतःपाशी सगळं टिपून ठेवत होती. बाईंनी ती नोंद उघडली. तारीख, वेळ, रुग्णाचं नाव. ओळी वर सरकू लागल्या. सरकतच राहिल्या.

सिस्टरनी खुर्ची ओढली आणि खिशातलं पेन काढलं.

"पहिलं नाव वाचा. एकेकाची जुनी फाइल काढून बघू," त्या म्हणाल्या.