जेट्टीवरचा फोटो

नोरा टीचर दर रविवारी खाडीच्या जेट्टीवर उभ्या राहून होडीने फिरायला आलेल्यांना लाइफ जॅकेट घालायला लावत.

"नको म्हटलं ना, आंटी! फोटोत पोरगी बुजगावणं दिसते," एक बाप खेकसला.

"आली धंद्याची वाट लावायला!" होडीवाला भूपेश करवादला.

टीचरनी मोबाइल काढला आणि आईबाप, पोरगी, तिघांचा जॅकेटशिवाय फोटो घेतला.

"झालं समाधान? पाठवा आता मला."

"हा माझ्यासाठी. होडी उलटली की अंगावर कुठले कपडे होते, ते पोलीस आधी विचारतात."

"जीभ झडो तुमची!" म्हणत आईने जॅकेट हिसकावलं आणि पोरीच्या अंगात चढवलं.

टीचर वाकून पट्टे आवळू लागल्या. "मागच्या खेपेला पोलिसांनी विचारलं, तेव्हा मला माझ्या वर्गातल्या एकाही पोराचे कपडे सांगता आले नाहीत."