बाबांचं नाटक

माझ्या जन्माच्या आधी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकात बाबा हिरो होते, आणि आमच्याच घरी राहणाऱ्या बिनलग्नाच्या लोमेशकाकांनी ते अख्खं नाटक हँडीकॅमवर घेतलं होतं. पण पाहू म्हटलं की काकांचं एकच, "कम्प्युटरले जोडाची वायरच भेटत नाई!"

भेटत नाई म्हणजे काय? दहावीतल्या पोरीला सांगता? मी वायर ऑनलाइन मागवली, काका कुरखेड्याला गेले तसा कॅमेरा काढला आणि पहिल्याच झटक्यात सगळं नाटक कम्प्युटरवर उतरवलं! बाबा इतके खूश, की त्यांनी अर्धा मोहल्ला गोळा केला. "या, पाहा आता, तुमचा भाऊ कसा दिसे ते!"

स्पीकरमधून बाबांचा डायलॉग घुमला, टाळ्या पडल्या. शेजारच्या रुखमाबाई म्हणाल्या, "आवाज तं येऊन राह्यला, पण हिरो कुठी हाय वो?" मी घाईघाईनं व्हिडिओ पुढे पुढे नेत गेले.



शेवटचा पडदा पडला, तरी कॅमेरा बायकांमध्ये बसलेल्या नव्या नवरीच्या, माझ्या आईच्या, चेहऱ्यावरून हलला नव्हता.