वाघाच्या वर्षाची

"वाघाच्या वर्षाच्यांनी बाहेर व्हा! भिंतीकडे तोंड करा, आणि वळून बघू नका!"

दुआन गुरुजींनी बारा प्राण्यांच्या वर्षांचं पंचांग मिटलं; वाघाच्या वर्षी जन्मलेल्याची नजर शुभकार्याला आणि मयताला वाईट मानत. शवपेटीवर झाकण बसायची वेळ झाली होती. पांढऱ्या कपड्यांतल्या गर्दीतून एकटी च्यूलान बाहेर पडली. पेटीत तिची आई होती, ती थोरली लेक. कोणी तिच्याकडे बघायच्या आधीच ती उठली होती. दाराबाहेर जाऊन भिंतीशी उभी राहिली.

तिला सवय होती. धाकट्या भावाच्या, योंगशेंगच्या लग्नात ती दिवसभर चुलीपाशी शेवया कापत बसली होती, नवरीवर वाघाची नजर पडू नये म्हणून. भाचा झाला तेव्हा शंभर दिवस तिला त्याचं तोंड दाखवलं नव्हतं. आणि स्वतःला मुलगी झाली, तेव्हा तर कोणी सांगायचीही गरज पडली नाही. वर्षभर तिनं लेकीला सासूच्या कुशीत निजवलं. दूध पाजायची, की लगेच दूर सरकायची.

कारण तिनं दोन भाऊ खाल्ले होते. ती सहा वर्षांची असेपर्यंत घरात दोन मुलगे जन्मले आणि महिन्याच्या आत गेले. आईला पुन्हा दिवस गेले तेव्हा आजीनं खोऱ्यापलीकडचा आंधळा ज्योतिषी आणला. तो म्हणाला, "ह्या घरात वाघ आहे. तो इथे असेतो मुलगा जगायचा नाही." सगळे एकमेकांकडे बघत राहिले. आईनंच च्यूलानला दंडाला धरून पुढे केलं. "ही," आई म्हणाली. "वाघाच्या वर्षाची ही आहे."

दुसऱ्या दिवशी तिला दोन डोंगर पलीकडे, लांबच्या आत्याकडे पोचवलं. ती गेली आणि योंगशेंग जगला. मग बोलायला जागा कुठे उरली? चाळीस वर्षं ती सणावारी यायची, ओट्यावर बसून जेवायची आणि दिवस मावळायच्या आत परतायची.

आत म्हाताऱ्या मामाचा खोकला ऐकू आला. माहेरच्या माणसानं शेवटचं बघितल्याशिवाय झाकण बसत नाही, म्हणून सकाळपासून त्याचीच वाट बघणं चाललं होतं. मामानं बहिणीचा चेहरा पाहिला. मग गुरुजींनी मयताच्या नावाचं लाल कापड वाचून दाखवलं.

"वय एकोणसत्तर. जन्म सशाच्या वर्षी. बरोबर ना?"

मामा कापडाकडेच बघत राहिला.

"बोला की! पुढे परलोकात हेच कापड बघून ओळख पटवतात. चूक राहिली तर बाई वाटेतच भटकत राहील."

"मग सत्तर लिहा," मामा म्हणाला. "वाघाचं वर्ष लिहा."

मामानं पेटीच्या कडेवर हात टेकला. "वाघाच्या वर्षाची पोर कोण करून घेतं, गुरुजी? स्थळ आणणाऱ्या बाईनं सांगितलं, एक वर्ष कमी करा. आम्ही केलं. आजवर चालून गेलं. पण तिथे कसं खोटं सांगू?"

योंगशेंग धावतच बाहेर आला. त्याचा चेहरा पडला होता. "ताई, आत चल. गुरुजी म्हणतात, वाघाला वाघाची आडकाठी नाही."

च्यूलान आत आली. ती पेटीकडे गेली नाही, मामासमोर उभी राहिली.

"मामा, मला पुढे केलं तेव्हा तिला हे ठाऊक होतं?"

मामानं मान खाली घातली. "ठाऊक कसं नसेल, पोरी? त्याच आठवड्यात माझ्या दारात बसून रडली. म्हणाली, दादा, कोणीतरी जायलाच हवं होतं. मी गेले असते तर मला कोणी थारा दिला असता?"

आपली लेक सासूच्या कुशीत कशी रडायची, ते च्यूलानला आत्ता, सगळ्यांसमोर, कानात ऐकू आलं.

माणसांनी झाकण उचलून बसवलं. सुतारानं लांब खिळा टेकवला. खिळा ठोकताना लेकरांनी ओरडून मयताला सांगायचं असतं, "आई, खिळा चुकव!" नाहीतर जीव लाकडात अडकून राहतो.

"थोरलीनं पहिली हाक द्यायची," गुरुजी म्हणाले. थोरली म्हणून ह्या घरात तिला कोणी पहिल्यांदाच बोलावत होतं.

सुताराचा हातोडा वर थांबला. योंगशेंग गुडघ्यांवर बसून तिच्या तोंडाकडे बघत होता. मामाही बघत होता.

च्यूलाननं झाकणावर तळवा ठेवला, मग उचलला, आणि एक पाऊल मागे सरकली.

"ठोका," ती म्हणाली.